पोकळ गोळ्या आणि काकांचा बनियन

४ मार्च

चि. टिचकीस मावशीचा आशीर्वाद. आम्ही ठीक. तू नीट पोचलीस का ते कळवायची पद्धत असते, पण असो.

तुझी काचेची बाटली इथे खिडकीत राहिली. आतून एका बाजूला काळीकुट्ट! प्रयोगशाळेत नोकरी आणि बाटली धुता येत नाही? मी साबण लावला, कढत पाणी ओतलं, मीठ घालून खळखळ हलवली. डाग जागचा हलेना. बाहेरून लोखंडाचा तुकडा चिकटवलायस, तो तसाच ठेवलाय. उद्या परत बघते. एक तर डाग राहील, नाहीतर मी.

माया पातळ करू नकोस.
मावशी

८ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मावशी, हात थांबव! तो डाग नाही, माझी वर्षभराची मेहनत आहे. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक गोळ्या आहेत त्या. आतून पोकळ, वरून कांद्यासारखे थर. एका रसायनाचं दुसरं करून देतात आणि स्वतः तशाच्या तशा उरतात. मग चुंबकाने ओढायच्या, धुवायच्या, पुन्हा कामाला जुंपायच्या. आता प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांसमोर पुन्हा चालल्या नाहीत तर ते माझं काम बंद करणार. दुसरी पूड नाही माझ्याकडे. बाहेरचा तुकडा म्हणजेच चुंबक, तो काढू नकोस. बाटली काकांबरोबर पाठव.

तुझ्या आशीर्वादांची आणि शिव्यांची हक्कदार,
टिचकी

११ मार्च

चि. टिचकीस आ.

उशीर केलास बाई. तुझ्या काकांनी पडलेला स्क्रू शोधायला चुंबक काढून नेला. डाग चुटकीसरशी सुटला! मी खूश. काळं पाणी बादलीत ओतलं. बादलीत काकांचे बनियन भिजत होते. आणि तेवढ्यात पोस्टमन तुझं पत्र घेऊन हजर.

मग चुंबक पिशवीत गुंडाळून बादली ढवळत बसले. निघालं तेवढं बाटलीत भरलं. बाकीचं एका बनियनमध्ये रुतलंय, ते सुटेना, म्हणून बनियनच पाठवते. आतून पोकळ म्हणालीस, तसले एक गृहस्थ माझ्याही घरात आहेत, पण ते एकदासुद्धा कामाला येत नाहीत. आज मात्र तेच बाटली आणि हे पत्र घेऊन निघालेत. तुझं काम बुडालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

रागव, पण पत्र लिही.
मावशी

१५ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

बाटलीतली पूड पुरेना आणि सर समोर उभे. मी डोळे मिटून बनियनचा तुकडा कापून भांड्यात टाकला. सरांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्या काकांचा बनियन. पण मावशी, रसायन बदललं! पहिल्या खेपेसारखंच! चुंबकाचीही गरज पडली नाही. तुकडा चिमट्याने उचलला, धुतला, परत टाकला, परत चालला. माझं काम वाचलं!

सर म्हणतात, आता पूड कापडावरच बसवायची. पण नव्या कापडाला ती धरत नाही, झिजलेलंच लागतं. काकांचे आणखी मिळतील?

तुझीच,
टिचकी

१९ मार्च

चि. टिचकीस आ.

झिजलेलेच आहेत सगळे. भोकं पडली तरी टाकू देत नाहीत. मी म्हटलं, शास्त्राला हवेत, तर कपाटासमोर हात पसरून उभे राहिले. ते चहा प्यायला बसल्यावर सगळे काढून पार्सल बांधलं. अंगातला राहिला होता, तो आंघोळीला गेल्यावर घेतला. आता टॉवेल गुंडाळून घरभर शोधतायत. पोस्टाकडे पळते, टॉवेलवर काही ते मागोमाग यायचे नाहीत.

मावशी