इसाकच्या ताटातला टाको

प्रिय इसाक,

आज शुक्रवार. सकाळी आंघोळ झाली, दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा लावला आणि रोजच्यासारखा जपाला बसलो. पण आज माळ पुरी झाली नाही. मध्येच उठलो, स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून तुझं ताट खाली काढलं. सात महिन्यांची धूळ बसली होती. शारजाची धूळ तुला ठाऊक आहे, खिडकी बंद असली तरी येते. ताट घासायला घेतलं तेव्हा बोटाखाली कोरलेली अक्षरं लागली. इसाक. आणि वाटलं, याला आता लिहायलाच हवं.

तू हसशील. नऊ वर्षं एका खोलीत काढली, समोरासमोर खाटा होत्या, तेव्हा बुवाला बोलायला सुचलं नाही, आणि आता हा पत्र लिहितोय! बुवा हे नाव तूच ठेवलंस. माळ ओढतो म्हणून. मला ते आवडायचं नाही, हे तुला माहीत होतं आणि म्हणूनच तू बसमध्ये सगळ्यांसमोर हाक मारायचास.

चौऱ्याण्णव साली मी शारजात रोल्याच्या त्या खोलीत ट्रंक घेऊन आलो, तो दिवस आठवतो का? तू खाडीच्या पलीकडच्या गावचा, मी अलीकडच्या. आमच्या धक्क्यावरून तुमच्या मशिदीचा मिनार दिसतो. संध्याकाळी तुमची अजान ऐकू आली की माझी आई देवापुढे दिवा लावायची, तेच तिचं घड्याळ होतं. हे सांगितल्यावर तू किती खूश झालास. “म्हणजे आपण एकाच घड्याळावरचे,” म्हणालास.

आणि त्याच ट्रंकेतून मी माझं ताट, वाटी आणि तांब्या काढून वेगळ्या फळीवर मांडला. आईने त्यावर माझं नाव घालून घेतलं होतं, दत्ताराम. निघताना म्हणाली होती, परमुलखात कुणाच्या भांड्यात जेवू नकोस. मी ते पाळलं. मी मांसमच्छी खात नाही, तू खातोस, म्हणून भांडी वेगळी, असं मी तुला सांगितलं. मलाही तेच सांगत होतो.

पहिल्याच महिन्यात तू चुकून माझ्या वाटीत चहा ओतून प्यायलास.  मी वाटी नळाखाली धरली आणि तीनदा घासली. तू दारात उभा राहून बघत होतास. पुढच्या शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर तू भांड्यांच्या दुकानात गेलास आणि आपल्या ताटावर आपलं नाव कोरून आणलंस. तेही मराठीत. त्या दुकानातल्या माणसाला कागदावर अक्षरं काढून दिली होतीस म्हणे. माझ्यापुढे ताट धरून म्हणालास, “घे बुवा. आता तुझी चूक व्हायला नको.”

इसाक, तेव्हा मला बरं वाटलं होतं रे. सुटलो असं वाटलं होतं. आज त्याचीच लाज वाटते.

मग रोल्याची इमारत पाडायला निघाली आणि आपण शारजाच्या कडेला, अल नहदाला आलो. टॉवर अर्धे उभे, मध्ये वाळू, खाली दोन कॅफेटेरिया आणि एक लाँड्री. पहाटे पाचला कंपनीची बस दुबईपलीकडे जबल अलीच्या बंदरावर न्यायची, तू फोर्कलिफ्टवर, मी गोदामाच्या रजिस्टरवर. संध्याकाळी परत येताना रस्ता तुंबलेला. दोन दोन तास. त्याच बसमध्ये तू मला पहिल्यांदा टाकोची गोष्ट सांगितलीस.

बावीस वर्षांचा होतास, जहाजावर खलाशी. मेक्सिकोच्या वेराक्रूझ बंदरात इंजिन बिघडलं आणि जहाज दोन महिने अडकलं. तुला ताप भरला. तसाच धक्क्यावर भटकत होतास. एक बाई तव्यावर मक्याच्या छोट्या भाकऱ्या भाजत होती. तिने तुझ्या कपाळाला हात लावून बघितला, भाकरीत शिजवलेला काळा घेवडा घातला, दुमडली आणि ‘टाको’ म्हणत तुझ्या हातात दिली. पोटात अन्न गेल्यावर तू तिथेच पोत्यावर झोपलास. ताप उतरेपर्यंत रोज तिच्याकडे जात राहिलास.

“तिने माझं नाव नाही विचारलं, बुवा,” तू म्हणालास. “नावावरून सगळं कळतं ना, म्हणून लोक आधी नाव विचारतात.”

हे तू माझ्याकडे न बघता बोललास. बाहेर रस्त्याकडे बघत होतास. मला समजलं नाही असं तुला वाटलं का? समजलं होतं. मी खिशातून माळ काढून डोळे मिटले.

नव्या भागात आल्यावर तुझ्या डोक्यात एकच खूळ बसलं, की इथे जगातली माणसं आहेत, तर खरा टाको कुठेतरी मिळणारच. दर शुक्रवारी तुझा शोध सुरू. खालच्या कॅफेटेरियाच्या काचेवर ‘मेक्सिकन शावर्मा’ लिहिलेलं दिसलं तेव्हा तू जवळजवळ धावलास. तिथला मलबारी म्हणाला, “मेक्सिकन है ना भाई, अंदर मिर्ची डाला है.” तू त्याला म्हणालास, “हबीबी, मिर्चीसे मेक्सिकन होता तो मेरी बीवी कब की हो गयी.” तो मलबारी नंतर कितीतरी दिवस तुला ‘मेक्सिको’ म्हणून हाक मारायचा. अजून मला विचारतो, मेक्सिको किधर गया? मी काय सांगू त्याला?

मग दुबईच्या मॉलमध्ये गेलो. तिथे टाको म्हणून पापडासारखं कडक काहीतरी आलं. तू चावलास आणि सगळं तुझ्या मांडीवर सांडलं. तू हातातल्या तुकड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिलास. “त्या बाईची भाकरी मऊ होती,” एवढंच बोललास. मी शेजारी बसून माझा चहा पीत होतो, कागदाच्या कपातून.

त्यानंतर तू घरीच करायचं ठरवलंस. पंजाब्याच्या दुकानातून मक्याचं पीठ आणलंस. थापायला गेलास की तुकडे. दुमडायला गेलास की तुकडे. मी दारात उभा राहून सांगत होतो, पाणी उकळ, तांदळाच्या भाकरीसारखी उकड काढ, मळून मळून घे. तू मळत होतास, घामाघूम झाला होतास. “अरे एकदा आत येऊन हात लाव की,” म्हणालास. मी म्हणालो, माझे हात जपाचे आहेत. तू हसलास. दारातल्या त्या उंबऱ्याएवढ्या पट्टीच्या अलीकडे मी, पलीकडे तू. आपली खाडीच ती.

आणि मग तुला लुपे भेटली. मेक्सिकोची बाई, लग्न करून लेबनानच्या माणसाबरोबर इथे आलेली. नवऱ्याची बेकरी आपल्याच मागच्या गल्लीत. दर शुक्रवारी दुपारी ती तिथेच कोपऱ्यात तवा टाकून आपल्या देशाची भाकरी भाजते, हे तुला एका टॅक्सीवाल्याने सांगितलं. त्या दिवशी तू जिने चढत आलास तेव्हा धाप लागली होती. लिफ्टची वाट बघायलाही थांबला नव्हतास.

“बुवा, चुना!” तू ओरडलास. “मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. पानाचा चुना रे! म्हणून ती मोडत नाही. आपण नुसतंच पीठ मळत बसलो होतो.”

तू तिला लुपीबी म्हणायला लागलास. तीन शुक्रवार तिच्याकडे जाऊन थापायला शिकलास. चौथ्या शुक्रवारी तिच्याकडून वाटलेला मका घेऊन आलास, आणि कागदात गुंडाळलेला एक नवा कोरा तवा. तो तवा मला दाखवलास. यावर कधी मांस पडलेलं नाही, म्हणालास. घेवडा नव्या पातेल्यात शिजवलास. मीठ, लसूण, वरून कांदा आणि लिंबू. तीन टाको करून एका नव्या थाळीत माझ्यापुढे ठेवलेस. त्या थाळीवर कुणाचंच नाव नव्हतं.

आता माझ्याकडे कुठलं कारण उरलं होतं? मांस नव्हतं. तुझी भांडी नव्हती. उरले होते फक्त तुझे हात.

मी म्हणालो, आज माझा उपास आहे.

 तू हळूच म्हणालास, “काल गुरुवार होता, बुवा.”

बस, एवढंच. ते टाको फडक्यात बांधून माझ्या फळीवर ठेवलेस, उद्या सुट्टीच आहे, सकाळी खा म्हणालास. सकाळी मी ते खिडकीत कुस्करून कबुतरांना घातले. तू झोपला आहेस असं मला वाटलं होतं. तू खाटेवरून म्हणालास, “खातात ना? मग चांगले झालेत.”

त्यावर मला रागवायला हवं होतंस. भांडायला हवं होतंस. नऊ वर्षांत एकदा तरी, अरे बुवा, तू माणूस आहेस की कोण, असं विचारायला काय झालं होतं? तू भांडला असतास तर मी माफी तरी मागितली असती. तू दुसऱ्या दिवशीही बसमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरलीस.

त्यानंतर महिना झाला नसेल. संध्याकाळची बस, रस्ता तुंबलेला. तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. बसमध्ये सगळेच झोपतात. मी हललो नाही, तुझी झोप मोडेल म्हणून खांदा तसाच धरून ठेवला. अल नहदाचा सिग्नल आल्यावर हाक मारली. पुन्हा मारली. इसाक, तू कुठल्या वळणावर गेलास ते मला कळलंच नाही. मी माळ ओढत होतो.

तुझ्या भावाने फोनवर सांगितलं, तिकडेच माती द्या. आपल्या बसमधली माणसं आली होती. मी बाजूला उभा होतो, तर त्यांनीच हाताला धरून पुढे घेतलं. मीही तीन मुठी माती दिली. तुझे कपडे, घड्याळ, बायकोसाठी घेतलेली साडी, सगळं गावी जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवलं. ताट मात्र ठेवून घेतलं. भाभीला सांगितलं नाही, याचीही माफी माग माझ्या वतीने, असं आता तुला सांगता येत नाही. मलाच मागावी लागेल.

सात महिने त्या बेकरीच्या गल्लीतून मी गेलो नाही. लांबून वळसा घालून यायचो. आज घासलेलं ताट पिशवीत घातलं आणि दुपारी तिथे गेलो.

लुपे तुझ्याएवढीच असेल वयाने. केस पांढरे, हाताला पीठ. मी मोडक्या इंग्रजीत तुझं नाव सांगितलं. तिला वाटलं तू गावी गेलास. मी सांगितल्यावर ती पिठाच्या पोत्यावर बसली. नवऱ्याला अरबीत काहीतरी म्हणाली, त्याने भट्टीचं दार लावून घेतलं. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, “मांस न खाणारा भाऊ तो तूच का?” तू तिच्याकडे म्हणे जाड भाकऱ्या थापायचास, ती हसायची, आणि तू सांगायचास की घरी माझा भाऊ बसलाय, त्याला भाकरीतलं सगळं कळतं, त्याच्यासमोर पास व्हायचंय.

मी पास केलं नाही तुला, हे तिला सांगायला मला इंग्रजी पुरलं नाही.

मी पिशवीतून ताट काढून तिच्यापुढे धरलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि काय लिहिलंय विचारलं. मी सांगितलं.  तिने तवा तापवला. गोळा हातावर घेऊन थापला, भाजला, घेवडा घातला. तीन टाको तुझ्या नावावर ठेवले. नाव झाकलं गेलं.

बाहेर पायरीवर बसलो. जेवणाआधी हात जोडतो तसे जोडले. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा घास कावळ्याला ठेवतात. पायरीवर कबुतरं होती. पहिल्या टाकोचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. या वेळी तो तुझ्या वाट्याचा होता. माझ्या वाट्याचं मी खाल्लं.

मऊ होती रे भाकरी. दुमडली तरी मोडत नव्हती. चुन्याचा हलका वास, भाजल्या मक्याचा वास. घेवड्याचा रस मनगटापर्यंत ओघळला. तिन्ही खाल्ले. खाली ताटात पुन्हा तुझं नाव दिसायला लागलं, तोपर्यंत मान वर केली नाही. देव कोपला नाही, इसाक. आज जप अर्धा राहिला होता, तो तिथेच पुरा झाला असं वाटलं.

मे महिन्यात सुट्टीवर जाईन. तरीतून खाडी ओलांडून तुझ्या घरी जाईन. माझं ताट बरोबर नेणार नाही. भाभी ज्या ताटात वाढेल त्यात जेवेन, आणि मगच उठेन. कबूल.

आत्ताच दोन्ही ताटं घासली. कुठलं आधी घासलं ते आठवत नाही. एकात एक घालून खालच्या फळीवर ठेवली आहेत.

तुझा,
बुवा