ज्याचं नाव त्याचं यंत्र

२० सप्टेंबर १९९९, सोमवार

आज साखर कारखान्यात रुजू झाले. शेवगावच्या स्टँडवर जीप घ्यायला आली होती. ड्रायव्हर श्रीमंत यांनी वाटेत तीनदा विचारलं, की ताई, एक जानेवारीला सगळी कंप्युटरं मरनार हायेत म्हनं, खरं का? मी म्हटलं, मरू नयेत म्हणूनच मला आणलंय. ते इतके हसले की जीप कडेच्या बाजरीत उतरली. पुढे बराच वेळ आम्ही दोघेही हसत होतो. मी सहसा अनोळखी माणसाबरोबर हसत नाही.

कॉम्प्युटरची खोली जुन्या प्रयोगशाळेच्या मागे आहे. एक खिडकी, त्यातून बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडांचा, ढीग आणि त्यापलीकडे फाटक दिसतं. एक टेबल, दोन खुर्च्या. लोखंडी कपाटात मुख्य यंत्र. अठ्ठेचाळीस गावांतला ऊस कोणत्या दिवशी कोणाचा तोडायचा, ते हे यंत्र लागणीच्या तारखेवरून ठरवतं. सगळं फुकट मिळणाऱ्या, कुणालाही आतून बदलता येणाऱ्या प्रणालीवर चालतं. आतला तारखा मोजणारा भाग माझ्याआधी इथे असलेल्या गहिनीनाथ यांनी लिहिला. नाव ‘दिनमान’. त्यांनी तो इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवला. यादीप्रमाणे एकतीस ठिकाणी वापरतात, त्यात फिनलंडमधलं एक ग्रंथालयही आहे. शेवगाव तालुक्यात बसून हे केलं, याचं मला कौतुक वाटलं.

कपाटाच्या दारावर खडूने ‘गहिनीनाथ’ लिहिलेलं होतं. धुळीबरोबर तेही पुसलं.

२२ सप्टेंबर, बुधवार

नाव पुन्हा तिथेच आहे. तेच अक्षर.

फिटरलोकांची चेष्टा असेल म्हणून रंगनाथ मिस्त्रींना विचारलं. ते ऊस पिळणाऱ्या मिलवरचे मुख्य फिटर. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि पद्धत सांगितली. उसाचं गळीत संपलं की सगळी यंत्रं खोलतात. जो खोलतो तो वर खडूने नाव लिहितो. नाव असेपर्यंत यंत्राला दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि नाव ज्याचं त्यानेच पुसायचं. दुसऱ्याला काम घ्यायचं असेल तर त्याने आधी आपलं नाव लिहायचं, मग पहिला आपलं पुसतो. एकदा कुणीतरी भलत्याचं नाव पुसून गव्हाण, म्हणजे ऊस ओढणारा पट्टा, चालू केली, आत माणूस होता.

सुरक्षेची पद्धत म्हणून चांगली आहे. मग म्हणाले, पोरी, ते नाव नको पुसू, तो मानूस अजून सुटलेला न्हाई. कुठून सुटलेला नाही, ते सांगितलं नाही.

२९ सप्टेंबर, बुधवार

कार्यकारी संचालक काकासाहेबांकडे गेले होते. त्यांना समजावलं: जुनी प्रणाली सालाचे शेवटचे दोनच आकडे मोजते, जानेवारीत अडकेल. नवी बसवली तर दिनमान चालणार नाही, कारण ते जुन्यातल्या ज्या भागावर टेकलेलं आहे तो नव्यात नाही. दिनमान बंद पडलं की तोडणी बंद पडते. दुरुस्ती होईल, पण ती दर वर्षी लागेल, त्यासाठी कायमचं माणूस हवं, त्याला पगार हवा.

ते म्हणाले, फुकटची वस्तू हाय ना मॅडम, मग फुकटच्या गायीला गोठा कशाला बांधायचा? नवं यंत्र सांगा, उद्या मंजूर करतो, दसऱ्याला कोनशिला बसवू. देखभालीला कोनशिला नसती.

मी म्हटलं, मिलच्या देखभालीला दर वर्षी पाच महिने देता. ते म्हणाले, मिल दिसती.

५ ऑक्टोबर, मंगळवार

दिनमान वापरणाऱ्या सगळ्यांना ई-मेलने पत्र पाठवलं: दुरुस्तीला मदत हवी आहे. चार उत्तरं आली. चारही जण विचारतात, दुरुस्ती कधी मिळेल.

गहिनीनाथ कुठे गेले, कुणालाच सांगता येत नाही. मुक्ताबाई झाडायला येतात आणि चहा आणतात. त्या म्हणाल्या, आसतील की कुठंतरी. लई गरीब मानूस. यंत्र चालू हुतं, मग कोन कशाला बघतंय? त्या नेहमी दोन कप आणतात. मी एकटीच आहे असं सांगितलं, तर म्हणाल्या, सवय हो ताई.

७ ऑक्टोबर, गुरुवार

दुरुस्ती आली. पत्राखाली ‘गहिनीनाथ’. माझ्या चाचणीच्या यंत्रावर बसवली, उत्तम चालली. आभाराचं पत्र लिहिलं.

मग पत्राचा प्रवास तपासला. ते बाहेरून आलेलं नाही. ह्याच कपाटातल्या यंत्रावरून निघालेलं आहे, दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी. तेव्हा मी इथेच बसले होते.

बदलांच्या नोंदीत सात ओळी आहेत. सहा तारखांबद्दल. सातवी: दुसरी खुर्ची खिडकीकडे सरकवली आहे, कृपया जागेवर ठेवावी.

मीच सरकवली होती. सोमवारी.

११ ऑक्टोबर, सोमवार

फाटकावरचं जुनं रजिस्टर पाहिलं. गहिनीनाथ, आत, १२ फेब्रुवारी १९९८, सकाळी नऊ. त्यानंतर बाहेर पडल्याची नोंद नाही. वॉचमन म्हणाला, ऱ्हायली आसंल लिव्हायची.

खुर्ची जागेवर ठेवली आहे.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. आई आज नगरला विहारात गेली असेल. मी सुट्टी मागितली नाही, मंगळवारी बॉयलर पेटतो.

मुख्य यंत्र आज बदललं, नव्यावर दुरुस्त दिनमान चढवलं. त्याआधी रंगनाथ मिस्त्रींची पद्धत पाळली. मी श्रद्धेने केलं नाही. यंत्र मी उघडते आहे, तर नाव माझं हवं, एवढंच. ‘वृषाली’ लिहिलं. मागे दुसरी खुर्ची करकरली. वळले नाही. काम चालू होतं.

पाच वाजता सगळं बसलं. एकही चूक नाही. मग कपाटाकडे पाहिलं. गहिनीनाथांचं नाव पुसलेलं होतं. ओल्या बोटांनी, चार बोटांचे ओघळ. फडकं माझ्या टेबलावर होतं, कोरडं.

जाताना रजिस्टर पाहिलं. गहिनीनाथ, बाहेर, ५.१०. सही.

वॉचमनला कुणी गेल्याचं आठवत नाही.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. बॉयलर पेटला, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली. तोडणीचा कार्यक्रम अठ्ठेचाळीस गावांना बिनचूक गेला. नव्या यंत्राची कोनशिला बसली. सगळ्यांना पेढे मिळाले. ताट माझ्यासमोरून पुढे गेलं.

मुक्ताबाईंनी आज एकच कप आणला. दुसऱ्या खुर्चीसमोर ठेवला. रिकाम्या.

२५ ऑक्टोबर, सोमवार

जीप माझ्यासमोरून निघून गेली. मी हात केला होता. श्रीमंत माझ्याकडेच बघत होते, म्हणजे माझ्यामागच्या भिंतीकडे.

मुक्ताबाईंचा झाडू माझ्या पायांवरून गेला. झाडूला काही अडलं नाही.

माझ्या क्वार्टरला दुसरं कुलूप आहे. आत दोरीवर कुणाच्या तरी साड्या.

कारण मांडून पाहते. यंत्र चालू आहे. चालू असलं की कोणी बघत नाही. गहिनीनाथ पावणेदोन वर्षं इथेच होते. दुसऱ्या खुर्चीत. मी येईपर्यंत.

२ नोव्हेंबर

माझं नाव पुसलं जात नाही. पाणी, रॉकेल, सॅन्डपेपर. रंग गेला, पत्रा दिसला, नाव तसंच.

फाटकापर्यंत चालत जाते. पुढचं पाऊल खोलीत पडतं.

भूक नाही. आईचं पत्र आवक-जावकच्या टेबलावर पडलंय, त्यावर ‘अशी व्यक्ती येथे नाही’ असा शेरा.

१० नोव्हेंबर

मुद्दाम चूक केली. एका गावाच्या तारखा उलट्या लावल्या.

चार मिनिटांत सगळे आत. काकासाहेब ओरडले, कुठं उलथली होतीस गं? मला! मला म्हणाले. रडू आलं. मी सांगू लागले, काकासाहेब, मला इथून—

रंगनाथ मिस्त्री कपाटाकडे बघत होते. हळूच म्हणाले, लिव्हलंस का तू? दुसरं कुनी लिव्हल्याबगर आता सुटका न्हाई.

खिडकीतून रांग दिसत होती. बैलगाड्या, ट्रक. तोडणीच्या टोळ्या उन्हात बसलेल्या, बायका, पाळण्यातली पोरं. आज तोड नाही म्हणजे त्यांना आज काहीच नाही. मुक्ताबाईंची बहीण त्यातच.

दुरुस्त केलं. काकासाहेब वाक्याच्या मध्यात थांबले. म्हणाले, झालं चालू? चला. कुणीच मागे वळलं नाही.

रंगनाथ मिस्त्री सुद्धा.

२७ नोव्हेंबर

पत्रं येतात. फिनलंड. आणखी कुठून कुठून. पुढची दुरुस्ती कधी. पुढची कधी. मी करते. हात करतात. सही माझी—

पुन्हा चूक करावीशी वाटते. फक्त कुणी ओरडावं म्हणून. रांग बघते. करत नाही.

१३ डिसेंबर

मिस्त्री विसरले नव्हते. त्यांच्याच सांगण्यावरून नवी ऑपरेटर आली. माधुरी, पारनेरची. डबा आणलाय, शेंगदाण्याच्या चटणीचा वास. वाटेत श्रीमंतांनी तिलाही विचारलं असणार, हसत आत आली. टेबल पुसलं. माझी खुर्ची खिडकीकडे सरकवली.

मी उठायच्या आत.

१६ डिसेंबर

तिला मी दिसत नाही. पण बदलांच्या नोंदी ती वाचते. सगळ्या. बोट ठेवून. चांगली मुलगी आहे. घरी दोन धाकट्या बहिणी, टेबलाजवळ फोटो लावलाय.

१७ डिसेंबर

आज ती यंत्र उघडणार. मिस्त्रींनी पद्धत सांगितली आहे तिला. खडू हातात—

नोंदीत तिने प्रश्न टाकला: जुन्या मॅडमचं नाव आहे, खाली माझं लिहायचं का?

ती उत्तराची वाट बघते आहे. कर्सर लुकलुकतोय. माझी बोटं ओली आहेत. कधी भिजवली—

फाटकाबाहेर बस उभी आहे. नगरची.

फोटोतली धाकटी बहीण दात नसलेली—

मी टंकते आहे. नाव लि