न धुतलेली मेथी

माय, आज सकाळीही मी तुझ्या नातीला अंगणात उजेडात उभं केलं आणि तिच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. पांढरं अजून पांढरंच आहे. "आई, पुरे ना आता," म्हणाली आणि पोटावर हात ठेवून आत गेली. सातवा महिना सरत आलाय. बाळंतपणासाठी माहेरी आली आहे ती, आणि माझा पाय म्हणून एका जागी ठरत नाही. चहा ठेवते नि विसरते. दारात येते, काय पाहायला आले ते आठवत नाही, परत आत जाते. हे सगळं एका मेथीच्या जुडीपायी चाललंय, आणि तिचा संबंध थेट तुझ्याशी आहे. म्हणून तुलाच लिहायला बसले.

मी इथल्या आरोग्य केंद्रात नर्स आहे, हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा माझी शाळाच चालू होती. महिन्याभरापूर्वी गावात कावीळ निघाली. तुझी ती नदी आता नुसतं डबकं राहिली आहे, गावाची गटारं त्यातच येतात, आणि बाजाराला निघताना भाजीवाल्या बाया त्याच पाण्यात जुड्या बुचकळून ताज्या करतात. आम्ही घरोघर सांगत फिरतो, पाणी उकळून प्या, पालेभाजी स्वच्छ पाण्याने धुवा, कच्ची तर सध्या खाऊच नका. पोटुशी बाईला ही कावीळ किती वाईट, हे तर मी दुसऱ्यांच्या लेकींना बजावून सांगते. आणि दोन आठवड्यांपूर्वी एक दिवस मीच बाजारातून मेथी आणली, ओट्यावर टाकली आणि ड्युटीवर पळाले. संध्याकाळी येऊन पाहते तर बाईसाहेबांनी घोळाणा करून खाल्लेला. कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, वरून तेल. डोहाळेच ते. ताट चाटूनपुसून लख्ख.

"धुतली होतीस का गं?"

"नाही. तूच तर सांगायचीस, आजीच्या घरी भाजी धुवत नसत."

सांगायचे खरं. अगदी अभिमानाने सांगायचे. ती लहान असताना झोपताना तुझी गोष्ट मागायची, तेव्हा मी हीच सांगायचे. मी तुझ्यामागे चालतेय, तुझ्या डोक्यावर टोपली, तिच्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि मुळे. मोठ्या घरच्या काकू ओट्यावर उभ्या आहेत. तू जुड्या खालच्या पायरीवर ठेवतेस आणि मागे सरतेस. काकू वरून तांब्याने पाणी ओततात, मगच जुड्या उचलतात. तोंडातून वाईट शब्द नाही, उलट मला गुळाचा खडा देतात, तोही वरूनच टाकतात. आणि मागून आलेल्या दुसऱ्या भाजीवालीची मेथी त्या तशीच, कोरडी, पदरात घेतात. तू ते पाहतेस. मीही पाहते. घरी आल्यावर मी मुळा धुवायला घेतला, तर तू तो हिसकावून घेतलास. "मी नदीत धुऊन आनला हाय थो! माह्याच घरात माह्या हातावर पानी टाकतं का वं?" मग मुळा पदराला पुसलास, मोडलास आणि अर्धा मला दिलास. मी मान ताठ करून खाल्ला. तेव्हापासून तू होतीस तोवर आपल्या घरात भाजीवर पाणी पडलं नाही. तेव्हा नदी वाहती होती, माय. तेव्हाच्या पाण्यातही काय काय असेल हे आता मला कळतं, पण ते जाऊ दे.

परवा शेवटी उठले आणि मावशीकडे गेले. मावशी म्हणजे बाजारात तुझ्या शेजारी बसायची ती. अजून भाजी विकते. मेथी तिच्याकडचीच होती. डबक्याच्या काठावर बसून जुड्या बुचकळत होती.

"मावशी, या पाण्यात नको. आमच्या केंद्रातल्या नळावर चल."

"काऊन वं? माही मेथी खराब हाय का?"

"मेथी चांगली आहे. पाणी खराब आहे."

तिने हातातली जुडी टोपलीत आपटली. "पह्यले लोकं तुह्या मायचा हात खराब म्हनत. आता तू पानी खराब म्हनतं. आमी जलमभर धूतच राहाव का मंग?"

मला रडू आलं आणि रागही आला, मावशीचा नाही, खरं सांगायचं तर थोडा तुझा. काकूंनी ओतलेलं पाणी वेगळं आणि माझ्या नळाचं वेगळं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ओतताना दोन्ही सारखीच दिसतात, त्याला मी काय करू? मी तिची टोपली उचलली आणि चालू लागले. ती बडबडत मागे आली. नळ सोडून मी जुड्या धुऊ लागले तरी ती बाजूलाच उभी राहिली. मग खाली बसली, माझ्या हातातली जुडी ओढून घेतली आणि स्वतः धुऊ लागली. निघेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणतात, कावीळ पोटात गेली असली तरी डोळ्यांत दिसायला काही आठवडे लागतात, तोवर लक्ष ठेवा. लक्षच ठेवतेय. पोरगी हसली तरी मी तिच्या डोळ्यांतच पाहते. तिला वाटतं आईला वेड लागलंय. तू असतीस तर मला ओरडली असतीस, की तिच्या कडेला जाऊन बसली असतीस? मला ठरवता येत नाही. आत्ता लिहिता लिहिताही दोनदा उठून तिला पाहून आले. झोपली आहे.

हे पत्र पाठवायची सोय नाही, आणि असती तरी एवढं शेवटचं खोडून पाठवलं असतं. काल तुझा स्मृतिदिन होता. तुझ्या फोटोपुढे पेरू ठेवला, तुला आवडायचा तसा, देठाला पान असलेला. ठेवण्याआधी नळाखाली चोळून चोळून धुतला. आणि तुला कळू नये म्हणून पदराने पुसून अगदी कोरडा केला.