डाव्या पायाची चप्पल

सोमवार, ता. ४

चि. शांतताबाईस,
आत्याचे भरघोस आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा.

छे गं, बंद कुठला पडतोय तुझा सलोख्याचा वर्ग! तू पाय मोडून घेऊन माझ्या वहिनीच्या हातचं आयतं खात पडलीस, म्हणून काय अडलंय? मी बसते की तुझ्या खुर्चीत. वरच्या आळीच्या नऊ आणि आमच्या खालच्या आळीच्या अकरा, सगळ्या येतात. अकरा वर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बाया एका सतरंजीवर बसतात. मधे वीतभर जागा सोडून, पण बसतात.

तुझा तो नियम मात्र भारी. समोरचीचं बोलणं आधी तिला परत म्हणून दाखवायचं, बरोबर ना विचारायचं, मगच आपलं तोंड उघडायचं. काल वरची पाववाली म्हणाली, खालच्या दूधवालीची जीभ कात्री आणि दूध निव्वळ पाणी. बिचाऱ्या दूधवालीला ते जसंच्या तसं म्हणावं लागलं, वर बरोबर ना विचारावं लागलं! मग तिची पाळी आली. पाववालीला आपल्याच तोंडाने म्हणावं लागलं की आपला पाव म्हणजे वीट आहे, भिंत बांधा. हसता हसता ती वीतभर जागा कुठे गेली कळलंच नाही.

वरची शिंपीण तेवढी हसत नाही. एके काळची माझी जिवाची मैत्रीण, आता मला ‘खालच्या आळीच्या बाई’ म्हणते.

पाय हलवू नकोस, जीभ हलव. लोभ उतू गेला तरी चालेल.
तुझी आत्या

गुरुवार, ता. ७

ती. आत्यास,
प्लॅस्टरमधल्या पायासकट सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की आई ओरडली, दुसराही मोडशील म्हणून. आता पुढचा धडा. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या भांडणाची आठवण देणारी एकेक वस्तू प्रत्येकीने आणायची. शिंपिणीला जप. तिच्या दुकानाची काच फुटली तिथूनच सगळं पेटलं, आणि ती उठली तर वरच्या बाकीच्या आठही जणी उठतील. मग वर्ग संपलाच.

आणि खुर्चीत बसणारीला सूट नाही. तुझी वस्तू कोणती? मला बघायला आलीस तेव्हाच मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तू विषय दूधवालीवर नेलास.

माया आहेच, उत्तराची वाट बघतेय.
तुझी लंगडी भाची

मंगळवार, ता. १२

चि. लंगडीस,
आशीर्वाद. आज चिमटा नाही.

वस्तू आल्या. दूधवालीने चेपलेली किटली आणली, पाववालीने नवऱ्याच्या डोक्याला पडलेल्या टाक्यांचा कागद. शिंपिणीने पिशवीतून चप्पल काढली. डाव्या पायाची, पुरुषाची, अंगठा तुटलेली. काच फोडून आत पडली ती हीच. अकरा वर्षं कापडात गुंडाळून ठेवली होती. म्हणाली, ही खालच्या आळीतल्या कुणा गुंडाची. त्याचं नाव कळेपर्यंत आपण वर्गाला येणार नाही. वरच्या बाकीच्या आठही जणींनी माना डोलावल्या.

ते परत म्हणायचं माझ्याच वाट्याला आलं. म्हटलं, चप्पल आमच्या आळीच्या गुंडाची, बरोबर ना? ती म्हणाली, बरोबर. आता माझी बोलायची पाळी, तर मला असा खोकला आला की चक्क पाववाली माझी पाठ चोळायला धावली. वर्ग तिथेच उठला.

तुझे आतोबा जन्मात कुणाला वाकडं बोलले नाहीत. त्यांना गुंड म्हणताना आधी हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते खालचं वाचून ठरव.
तुझी आत्या

ता. क. त्या रात्री मीच बोक्याला मारली होती गं. माझं दूध पिऊन तिच्या दुकानाच्या खिडकीत मिशा पुसत बसला होता. हाताला ह्यांची चप्पल लागली, नेम चुकला. सकाळी सांगायला निघाले, तोवर चौकात डोकी फुटली होती. तशीच परत फिरले. ह्यांना सांगितलं, कुत्र्याने नेली. वारेपर्यंत बिचारे कुत्र्यालाच शिव्या देत होते.

उद्या वर्गाआधी शिंपिणीच्या दारात जाऊन उभी राहणार आहे. काच मी फोडली. उजवी माझ्या ट्रंकेत आहे.