दालचिनीच्या डोंगरावरचे एकटे कूळ

मी, लुसियेन एल्विना लाब्लाश, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, चर्चच्या दप्तरातून निवृत्त, राहणार आन्स पाल्मिस्त, माहे बेट, सेशेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला आज वार कोणता असे विचारले. मी वार सांगितला आणि त्या दिवशी कोणत्या संताचा सण असतो तेही सांगितले, तेव्हा त्यांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुणी तसा कागद दाखवला तर तो खोटा समजावा आणि दाखवणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.

कलम १. झिता माझ्याकडे एकवीस वर्षे कामाला आहे. शिवणयंत्र, माझा पलंग, कोंबड्या आणि परसातल्या नीरफणसाची सगळी फळे तिची. स्वयंपाकाची भांडीही तिचीच. ती म्हणते, "बाई, भांडी नकोत मला. तुमच्या हातचं मीठ त्यांत मुरलंय, माझा नवरा पळून जाईल." नवरा पळून तेरा वर्षे झाली. भांडी तिने घ्यावीत.

कलम २. सिस्टर अलोईझ यांची लाकडी पट्टी मी जिथे शिकले त्या कॉन्व्हेंटला परत द्यावी. वर्गात घरची भाषा बोलले म्हणून ती माझ्या बोटांवर बसत असे. मग मधल्या सुट्टीत सिस्टर त्याच बोटांत पेरूच्या जेलीची वाटी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता अक्षर नीट काढशील." माझे अक्षर त्यांचेच आहे. त्या अक्षरात मी अडतीस वर्षे गावाचे बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू लिहिले. कोण कुणाचा चुलत, कोणाचे घराणे कुठे येऊन थांबले, हे मला न पाहता सांगता येते. पुढचे कलम समजायला एवढे ठाऊक असलेले बरे.

कलम ३. डोंगरावरची जमीन. ही आईकडून माझ्याकडे आली. खाली दालचिनी, मधे उघडा काळा खडक, वर ओढ्याची घळ. खडकाच्या भेगेत एक झाड आहे. त्याचे फळ वाळले की छत्रीसारखे उघडते आणि उलट्या टांगलेल्या जेलीफिशसारखे दिसते, म्हणून त्याला आम्ही ब्वा मेदीझ म्हणतो. माझ्या लहानपणी अशी तीन होती. दोन माझ्या वडिलांनी तोडली आणि दालचिनीचे तेल काढायच्या भट्टीत घातली. त्या तेलावर माझी कॉन्व्हेंटची फी भरली गेली. हेही लिहून ठेवणे भाग आहे.

सहा वर्षांपूर्वी सरकारी माणसे डोंगर मोजायला आली. शेजारच्या उतारावर त्यांना एकसष्ट जातींची झाडे सापडली, माझ्याकडे नऊ. कुंपण आणि राखणदार शेजारच्या उताराला मिळाले. मला वाटले, बरोबरच आहे. तेव्हा सिरील बिबी माझ्या ओट्यावर येऊन बसले. हे वनखात्यातून निवृत्त झालेले झाडांचे जाणकार. माझ्या हातचा लिंबाचा चहा नावे ठेवत तीन कप पितात.

"बाई, तुम्ही नोंदवही लिहायचात ना?" ते म्हणाले. "मग सांगा. गावातल्या त्या पायेत म्हाताऱ्याची नातवंडं किती?"

"चौतीस. पस्तिसावं पोटात आहे."

"त्यांतला एक देवाघरी गेला तर?"

"आई रडेल. सगळे रडतील."

"रडतीलच. पण तेच नाक, तेच कान, तीच खोड चौतीस घरांत उरेल. आणि दुसऱ्या एखाद्या घरात शेवटचा एकच माणूस असला, भाऊबंद नाहीत, तर?"

"तर ते पान मी बंद करते."

"तेच सांगतोय. शेजारच्या उतारावर एकसष्ट आहेत, पण बरेचसे एकमेकांचे चुलत-मावस. तुमच्या खडकावरच्या झाडाला जवळचं म्हणावं असं कुणी नाही. जे आहेत ते इतके लांबचे की कुठल्या काळी वेगळे झाले ते मोजायला आकडे पुरत नाहीत. डोकी मोजली तर तुमच्याकडे नऊ. कुळं मोजली तर तुमचा खडक जड."

मग त्यांनी मला वरच्या घळीत नेऊन नखाएवढा बेडूक दाखवला. त्याच्या पाठीवर त्याची पिल्ले बसली होती. त्याचा सगळ्यांत जवळचा भाऊबंद समुद्रापलीकडे, भारताच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत जमिनीखाली राहतो, जांभळा आणि फुगलेला. जमीन जमिनीपासून तुटली तेव्हा हे दोघे वेगळे झाले. माझ्या वहीत कधी एवढे लांबचे नाते लिहिले गेले नव्हते. गेल्या पावसात त्या घळीतून आवाज आला नाही. या पावसातही अजून नाही.

ही सर्व जमीन मी सिरील बिबी यांच्या डोंगर राखण मंडळाला देते. तिथे रस्ता, भिंत, खांब काहीही होऊ नये.

कलम ४. माझा भाचा एर्वे लाब्लाश. भावाच्या सात मुलांतला हा धाकटा आणि माझा लाडका. याला मी मांडीवर घेऊन नारळाच्या दुधात शिजवलेला केळ्याचा लादोब भरवला आहे. या सप्टेंबरात एका रविवारी तो जेवायला आला तेव्हा त्याच्याबरोबर डोंगरावर परदेशी लोकांसाठी बांधायच्या बंगल्यांचा नकाशा होता.

"आत्या, तुझ्या जमिनीवरून रस्ता गेला की झालं. बाकी डोंगर तुझाच."

"रस्ता झाडावरून जातोय."

"एकच तर झाड आहे!"

"म्हणूनच."

"डोंगरभर झाडंच झाडं आहेत, आत्या. तुला मोजता येणार नाहीत एवढी!"

"तुम्ही भावंडंही सात आहात बाबा. म्हणून एखाद्याला रस्त्याखाली घालू का?"

तो हसला. मीही हसले. जाताना त्याने दाराची बिजागरी बसवायला म्हणून माझ्या वडिलांचे गिरमिट मागून नेले.

चार दिवसांनी गिरमिट परत आले. पुढच्या आठवड्यात डोंगरावर रस्त्याच्या आखणीचे लाल रंगाचे खुंट दिसले. झिताने पहिल्या दिवशी नऊ पाहिले, नंतर सोळा. प्रत्येक वेळी ते थोडे वर सरकलेले असतात आणि सरकवणारा कधी दिसत नाही. मग सिरील झाडाकडे गेले आणि टोपी हातात घेऊनच परत आले. खोडाला बुंध्याशी तीन भोके आहेत, वर चिखल लिंपलेला. चिखल काढला तर आतून रॉकेलचा वास येतो. या झाडाची पाने म्हातारी होताना एकेक करून लाल होतात. आता शेंड्याची सगळी एकदम लाल झाली आहेत. खालून पाहिले तर झाड फुलल्यासारखे दिसते.

मी कुणावर आरोप करत नाही. एर्वेच्या दाराची बिजागरी अजून लोंबते आहे, एवढेच लिहिते. गिरमिटाच्या पिळांत ओला भुसा अडकलेला आहे. तो दालचिनीचा नाही, किनाऱ्यावरच्या ताकामाका झाडाचाही नाही. भट्टीच्या घरात वाढलेल्या मुलीला लाकडाचा वास कळतो. हा वास मी लहानपणी दोनदा घेतला आहे. गिरमिट मी पुसलेले नाही. ते कागदात गुंडाळून, लाख लावून नोटरीसाहेबांकडे ठेवले आहे. ते मी एर्वेला देते. सर्वांसमोर उघडून द्यावे.

कलम ५. राहते घर आणि समुद्राकडची बाग. हेही मी एर्वेलाच देते, पण एका अटीवर. ते झाड जिवंत असेल तोवरच घर त्याचे. दरवर्षी १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, सिरील बिबी किंवा त्यांनी नेमलेले माणूस झाड पाहील आणि लिहून देईल. झाड मेले की त्याच दिवशी घर आणि बाग माझी मामेबहीण मादलेन हिच्याकडे जाईल. गेल्या ईस्टरला एर्वेने तिला घोरपड म्हटले होते, ती ते विसरलेली नाही.

एर्वे, तू हे ऐकत असशील तेव्हा माझा राग संपलेला असेल. झाड किती जगेल ते सिरीलनाही सांगता येत नाही. कदाचित तीन वर्षे, कदाचित एक पावसाळाही नाही. भोके कशी धुवायची, सावली कुठे धरायची, ते तुला दाखवतील. पाण्याचे डबे घेऊन खडक चढावा लागेल. लहानपणी तू तिथे चढायचास आणि उतरता येत नाही म्हणून रडायचास. उतरवायला मी यायचे.

कलम ६. माझा स्वतःचा अपराध. आमच्याकडे सर्व संतांच्या सणाआधी कबरी झाडून, रंगवून स्वच्छ करतात. वडिलांनी तोडलेल्या दोन झाडांच्या बुडख्यांना कबरच मानून मी तीस वर्षे, दर ऑक्टोबरात, वर जाऊन ती सगळी जागा खराट्याने लख्ख करत आले. उरलेल्या झाडाखाली पाचोळा ठेवला नाही. दालचिनी बाहेरून आलेली, इथल्या झाडांना जगू देत नाही, तिची रोपे उपटावीत हे आम्हाला शाळेत शिकवलेले, म्हणून जे जे उगवले ते उपटले. कोवळे पान लाल दिसले की दालचिनी. मी खाली वाकून पाहिले नाही. या झाडाचे बी रुजतच नाही असे सगळे म्हणायचे. मीही मान हलवून म्हणायचे, आणि हातात खराटा असायचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझे खुब्याचे हाड मोडले. तीस वर्षांत प्रथमच तिथे कुणी झाडले नाही. या जुलैत सिरील आणि झिता मला खुर्चीत बसवून वर घेऊन गेले. पाचोळ्यात एक रोप होते, चार पानांचे. सिरील गुडघ्यांवर बसले. त्यांनी एकेक पान उलटून पाहिले. मग म्हणाले, "बाई, ही दालचिनी नाही."

तीस ऑक्टोबरांत मी किती उपटली असतील, हा हिशेब मला पुढे द्यायचा आहे. इथे तो देता येत नाही.

ते रोप कुठे आहे हे मी या कागदावर लिहीत नाही. सिरील आणि झिता या दोघांना ठाऊक आहे. कलम ५ च्या अटीत ते धरू नये. ते कुणाच्या घराच्या बदल्यात नाही.

कलम ७. मला आईशेजारी पुरावे. माझी कबर कुणी झाडू नये, रंगवू नये, तिच्यावर उगवेल ते उपटू नये. लोक म्हणतील, लाब्लाश बाईंना कुणी नाही. म्हणू द्यावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सिरील बिबी यांनी करावी. झिताला मी काही देत असल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही. तिने रुसू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले, समजून सही केली आणि खालील दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

लुसियेन एल्विना लाब्लाश (सही)

साक्षीदार:
१. आनातोल दिने, मासेमार, आन्स पाल्मिस्त (सही)
२. सिस्टर बेर्नादेत मोरेल, कॉन्व्हेंट शाळा (सही)

स्थळ: आन्स पाल्मिस्त, माहे
दिनांक: ७ नोव्हेंबर २०१८

सह्या झाल्यावर, त्याच साक्षीदारांसमोर वाढवलेला मजकूर: झिता आत्ताच डोंगरावरून आली. खुंट आज पुन्हा सरकले आहेत. कुठवर आले ते तिने माझ्या कानात सांगितले. ते मी लिहिले तर रोपाची जागा कळेल, म्हणून लिहीत नाही. नोटरीसाहेबांना एवढीच विनंती, की माझ्या मरणाची वाट पाहू नये. कलम ३ ची जमीन मी आजच देऊन टाकते. त्यांनी उद्या सकाळी यावे आणि एर्वेला द्यायचे गिरमिट बरोबर आणावे.

लु. ए. लाब्लाश (सही)
आ. दिने (सही)
सि. बेर्नादेत मोरेल (सही)