पाणाडिणीचं पान

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ताईचं आहे. मुद्दाम तिच्याकडून लिहून घेतलं. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच त्याला पंपदुरुस्तीच्या ग्रीसचे हात पुसले असतेस. ही लबाडी आधीच कबूल करून टाकतो. ताई म्हणाली, “एकोणीस वर्षं झाली तो बोलत नाही, तरी तुझ्या युक्त्या काही सुटत नाहीत.” मी म्हटलं, “युक्त्या सुटल्या असत्या तर आज बुटांचे खोके चिकटवत बसलो असतो.” ती हसली नाही. तुझा विषय निघाला की ती हसत नाही.

खेळांचा कारखाना बंद केला. गुडघे गेले, आणि खळीच्या वासानं हल्ली डोकं चढतं. पुठ्ठा कापायचं जुनं मशीन, ज्यात तुझ्या अंगठ्याचं नख गेलं होतं, ते चार माणसांनी शिव्या देत खाली उतरवलं. सगळे खेळ, त्यांची नावं, चित्रं, सगळं हक्कांसकट एका मोठ्या कंपनीला देऊन टाकलं. त्याची सही होऊन सहा महिने झाले. आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, ती बोलते. कुठला मजला आला ते सांगते, जसं काही मला मोजता येत नाही.

तू आलास तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. आठ वर्षं आफ्रिकेत बोअर खणून आलेला माणूस, आणि सामान किती, तर एक पिशवी. दुसऱ्याच दिवशी चहाच्या सुट्टीत तू अंड्यांचा ट्रे मागवलास, त्यातल्या बारा खळग्यांचा तुकडा कापलास, सहा-सहाच्या दोन ओळी, आणि आईच्या डब्यातली शर्टाची बटणं त्यात टाकून आमच्या पुठ्ठा कापणाऱ्याला खेळायला बसवलंस. “एका खळग्यातली उचलायची आणि पुढच्यांत एक-एक पेरत जायची.” तिकडे तुझ्या गावात म्हातारे जमिनीत खळगे करून दिवसभर हेच खेळतात आणि एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, असं सांगितलंस. कापणारा तिसऱ्या डावात तुझी सगळी बटणं घेऊन बसला आणि मिशीला पीळ द्यायला लागला. तेव्हा तू म्हणालास, “थांबा मामा. समोरच्याचं अंगण रिकामं झालं की आपल्यातलं त्याला द्यावं लागतं. तसा नियमच आहे.” तो म्हणाला, “वा रे वा! मी जिंकायचं आणि मीच वाढायचं?” तू म्हणालास, “नाहीतर मग खेळणार कुणाशी?” सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या डोक्यात तेवढ्यात खोक्याचं माप सुरू झालं होतं. तो माझा स्वभाव.

तुझा खेळ तू वर्षभर बनवलास. लांबलचक पट, मधोमध आटलेली नदी, काठानं नऊ गावं. कुठल्या मातीत किती खोल पाणी, ते सुद्धा खरं. पत्त्यांसारखी पानं, आणि पानांवर माणसं: गाढववाला, दोर वळणारा, शाळामास्तर. आणि एक बाई, पाणी कुठे लागेल ते सांगणारी. तिला तू पाणाडीण म्हणालास. तिचं पान ज्याला येईल त्यानं स्वतःची विहीर भरायची आणि समोरच्यालाही एक विहीर दाखवायची. पटाच्या कच्च्या कागदावर तिची जागा तू पेन्सिलीनं चार वेळा बदललीस. शेवटी नदीच्या वळणावर ठेवलीस, जिथे वाट गावांपासून जरा बाजूला जाते. मी विचारलं, तिथेच का? तू म्हणालास, “तिथेच असते ती.” मी पुढे विचारलं नाही.

माझी चाचणीची पद्धत तुला माहीत आहे. शेजारपाजारची पोरं मधल्या खोलीत खेळायला बसवायची आणि आपण प्लायवूडच्या आड कान देऊन बसायचं. खेळ बघायचा नाही, ऐकायचा. पोरं ओरडली की तिथे खेळ आहे. गप्प झाली की तिथे कात्री चालवायची. या कानांवर मी खोक्यांच्या धंद्यातून वर आलो. तुझ्या खेळात पाणी द्यायची वेळ आली की पोरं गप्प व्हायची. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “हे काय, यात कुणी मरतच नाही!” मी तेवढं ऐकलं. तिच्या शेजारची हळूच म्हणाली होती, “मी देते ना तुला, माझ्याकडे दोन आहेत.” तेही ऐकलं होतं, पण ते विकता येत नव्हतं.

मग दुकानांत फिरलो. आफ्रिकेवरचे जितके डबे मिळाले तितके उघडून पाहिले. सगळ्यांत तेच: टोपीवाला शिकारी, सिंहाचा जबडा, कुठल्यातरी राजाचा खजिना आणि पोचायची घाई. माणसं असलीच तर झाडाआड, भाले घेऊन. दुकानदार म्हणाला, “शेठ, आफ्रिका म्हणजे सिंह, ढोल आणि शाप. विहिरी कोण विकत घेतं?” मी परत आलो आणि तुझ्या खेळाचं नाव बदलून ‘काळ्या जंगलाचा शाप’ केलं. तू म्हणालास, “जंगल कुठंय दादा? तिथे मैलभर चाललं तर एक झाड, तेही काटेरी.” चित्रकारानं पहिल्याच कच्च्या चित्रात पट्ट्यांचा वाघ काढला होता. तू म्हणालास वाघ तिकडे नसतो. मी म्हटलं, “आपल्या डब्यात असतो.” सगळे पोट धरून हसले. तूही हसलास बहुतेक. मी नीट पाहिलं नाही.

एकेक करत सगळं काढलं. नऊ गावांचे नऊ तळ झाले, विहिरींचे सापळे. पाणी द्यायचा नियम तर पहिल्या आठवड्यातच गेला. दर वेळी तू “ठीक आहे” म्हणायचास. इतक्या वेळा ठीक आहे म्हणणाऱ्या माणसाचं एकदाही ठीक नसतं हे माझ्यासारख्या कान टवकारून जगलेल्या माणसाला कळायला हवं होतं. तू एकच गोष्ट मागितलीस. तिकडच्या फोटोंचं एक पाकीट चित्रकाराच्या हातात दिलंस आणि म्हणालास, “बाकी काय करायचं ते करा. माणसं माणसांसारखी दिसू देत.”

तू कागद पसंत करायला गिरणीवर गेला होतास त्या आठवड्यात मी पाणाडिणीचं पान काढून घेतलं. खेळात एक तरी असं हवं की हातात आलं की पोरं किंचाळतील. चित्रकाराला म्हटलं, हिची चेटकीण कर. हिला ओढलंत की तुमचा डाव संपला. डोळे पांढरे कर, दात पुढे काढ, गळ्यात हाडं घाल. तो म्हणाला, “चेहरा कुठला घेऊ?” मी म्हटलं, “पाकिटात बघ, चांगला ठसठशीत असेल तो घे.” इतकंच बोललो. अर्ध्या मिनिटाचं बोलणं असेल.

पहिले डबे बांधून आले तो दिवस. तू स्टुलावर बसून एक उघडलास. पट उलगडलास, सोंगट्या चाचपल्यास, मग पानं एकेक करून बघायला लागलास. एका पानाशी थांबलास. मग ते पालथं ठेवलंस, झाकण लावलंस, मोरीवर जाऊन साबणानं हात धुतलेस, खिळ्यावरचा शर्ट घेतलास आणि गेलास. मला वाटलं, झाकणाच्या आतल्या बाजूला फक्त माझं नाव छापलंय, ते लागलं. मी घरी तसंच सांगितलं. ताईला, कामगारांना, नातेवाइकांना: धाकटा नावासाठी रुसला. पुढे पुढे त्याची गोष्टच झाली. कुठे सत्कार असला की मी ती रंगवून सांगायचो, तुझ्या हात धुण्याची नक्कल करून. लोक हसायचे. एकोणीस वर्षं मी ती नक्कल केली.

आईचं तुला सांगायचं राहिलंच. दुपारी शेजारच्या नाती यायच्या, त्यांच्याबरोबर ती तोच खेळ खेळायची, तिच्या मुलांचा म्हणून. पण डाव मांडायच्या आधी ते एक पान काढून शिवणाच्या डब्याखाली ठेवायची. “ही बया नको गं. हिच्याकडे बघवत नाही.” ती गेली तेव्हा तू आलास, दारात उभा राहिलास, ताईच्या डोक्यावर हात ठेवलास आणि माझ्याकडे न बघता परत गेलास. तेव्हाही मी म्हटलं, नावाचा राग इतका?

गेल्या महिन्यात चित्रकार आला. लिफ्टनं त्याला चुकीच्या मजल्यावर सोडलं म्हणून धापा टाकत जिना चढून आला. मोतीबिंदू, हात कापतो. “घर आवरतोय शेठ. हे परत करायचं राहून गेलं होतं.” तुझं पाकीट. चहा होईपर्यंत मी फोटो चाळत होतो. गाढववाला, दोरवाला, आणि मग ती. लगेच ओळखलं; मी तो चेहरा जितक्या वेळा छापला तितक्या वेळा माझा स्वतःचा आरशात पाहिला नसेल. पुढच्या दातांत फट, डाव्या कानावर फडक्याची गाठ, कोपरापर्यंत चिखल, आणि उन्हानं का हसण्यानं बारीक झालेले डोळे. मी म्हटलं, “अरे, हीच का ती?” तो म्हणाला, “हीच. डोळे-दात सोडले तर चेहरा मी होता तसाच ठेवला शेठ. फक्त हसू काढलं.”

फोटो त्यानं कधी उलटून पाहिला नव्हता. मी उलटला. तुझं अक्षर. “आई, ही तुझी सून. आज पाणी लागलं.”

आता ते सांगतो जे आजवर ताईलाही सांगितलं नव्हतं. तू परत यायच्या आदल्या वर्षी तुझं पत्र आलं होतं. “मी एकटा येणार नाही, दादा. आईला तू सांग, तुझं ती ऐकते.” मी आईला सांगितलं नाही. पत्र दाखवलंही नाही. मीच तिच्या वतीनं उत्तर लिहिलं: एकटाच ये, आईला झेपणार नाही. आईला झेपलं असतं की नाही, हे मी तिला विचारलंच नव्हतं. माझंच तोंड कसं दिसेल याची मला काळजी होती; नवा कारखाना, चार लोकांत उठबस. आणि तू एकटा आलास. ती तिकडेच राहिली, की गेली, की माझं ऐकून तू तिला सोडून आलास, हे मी आजपर्यंत तुला विचारलेलं नाही. तिला आईपर्यंत आणायला मी तुझ्याकडे एवढीच वाट ठेवली होती, खेळातलं एक पान. तेही तू आणलंस. आणि त्याचं मी काय केलं ते तू स्टुलावर बसून पाहिलंस.

तर हे पत्र का, ते. माफी मागायला नव्हे. ती मागायचं धाडस माझ्यात असतं तर पाकिटावर माझं अक्षर असतं. चित्रकार गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीत गेलो. म्हटलं, ते एक पान काढा. समोरचा पोरगेला साहेब फार अदबीचा, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. म्हणाला, “काका, लोकांना तेच तर आठवतं! सगळे तिच्यासाठीच हा खेळ मागतात.” आणि त्यानं नवं झाकण दाखवलं. झाकणभर तीच आहे, धाकट्या. सिंह नाही, जंगल नाही, ती. तीन दिवस जाऊन बसलो, ओरडलो, वकील केला. वकील म्हणाला, सही ती सही. पुढच्या एक तारखेपासून डबे सगळीकडे जातील, काचांमागे लागतील, बसथांब्यांवर मोठे कागद लागतील. तू हत्यारांची पिशवी घेऊन कुठल्या रस्त्यानं जातोस मला ठाऊक नाही. कुठेही गेलास तरी ती समोर येईल, म्हणून आधी सांगतोय. खरा फोटो सोबत ठेवलाय. झाकणावर त्यांनी चेटकिणीला एक नावही दिलंय, तोंडात बसेल असं, जाहिरातीसाठी. मी त्या साहेबाला म्हटलं, हे तिचं नाव नाही. त्यानं वही काढली, पेन उघडलं आणि विचारलं, “मग खरं काय आहे, काका?” आईच्या धाकट्या सुनेचं नाव मला सांगता आलं नाही.

तू मानत नसलास तरी तुझाच,
दादा