चिंचेखालच्या जागेसाठी नवे आमिष

रविवार, १२ जानेवारी २०२५. सकाळी ६.५०. चांदीपचा तलाव.

प्रिय व्हेरोनिका युजीन तुस्कानो, मी चिंचेखाली, तुझ्या जागेवर बसून हे लिहीत आहे. तुला जाऊन सात महिने झाले. गळ मंडळाच्या नियमानुसार सभासदाची जागा रिकामी ठेवता येत नाही. सेक्रेटरी ॲलिस्टरने मला चार रविवारांची मुदत दिली आहे. तेवढ्यात एक कटला मासा काढला तर जागा आपल्याकडे राहील, अन्यथा ती जुलियानाबाईंना मिळेल.

चार रविवार म्हणजे चैन आहे. मी पस्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकविले आहे. तू आमिष अंदाजाने मळत असायचीस. माझ्याकडे वजनकाटा आहे.

शेंगदाण्याची पेंड ६० ग्रॅम, भाजलेले बेसन ३०, मैदा १०, हिंग चिमूटभर. (दुरुस्ती : अर्धा ग्रॅम.)

७.२०. गळ टाकला. काय घडते ते जागच्या जागी तुला कळवीत जाईन.

७.४०. गळ वर घेतला. गोळी नाही. विरघळली असावी. पलीकडच्या काठावरून ॲलिस्टर दोन्ही हात हलवीत होता. मीही हलविला. मंडळात सौजन्य आहे.

बुधवार, १५ जानेवारी. घर, पापडी.

मैदा २५ ग्रॅम केला. जॉयसचा फोन आला. जेवलात का, असे विचारले. मी नवे प्रमाण सांगितले. पप्पा, मी तुमच्याबद्दल विचारतेय, माशांबद्दल नाही, असे म्हणाली. मुलीचा स्वभाव तुझ्यावर गेला आहे.

रविवार, १९ जानेवारी. तलाव.

पाच वेळा गळ टाकला, पाचही वेळा गोळी विरघळली. जुलियानाबाईंनी साध्या पावावर तीन रोहू काढले. जाताना म्हणाल्या, सर, तुमच्याकडे आज जत्रा भरलीय हो! मी वहीतून मान वर करून पाहिले. काठावर कोणीही नव्हते. बाईंनी डोळे तपासून घ्यावेत.

रविवार, २६ जानेवारी. तलाव.

सोसायटीचे झेंडावंदन आटोपून आलो, म्हणून उशीर. अंड्याचा पांढरा बलक घालून गोळ्या उकडल्या. आता त्या कॅरमच्या सोंगटीइतक्या कठीण आहेत. तरीही विरघळल्या. या पाण्याचे पृथक्करण करावयास हवे.

तुझी उशी नेऊ का, असे जॉयसने विचारले. नको म्हटले. हे आमिषाशी संबंधित नाही.

रविवार, २ फेब्रुवारी. तलाव. मुदतीचा अखेरचा दिवस.

७.०५. ॲलिस्टर शेजारी येऊन बसला. त्याचे बोलणे जसेच्या तसे नोंदवितो : सर, वही मिटा. मासा लागून फ्लोट बुडतो तेव्हा तुम्ही लिहीत असता. चार रविवार हात हलवून खांदा गेला माझा. असलं आमिष जन्मात बघितलं नाही, अख्खा तलाव तुमच्याकडे जेवून जातोय!

विधान अतिशयोक्त आहे. तरी शिस्त म्हणून दहा मिनिटे वही मिटतो.

७.२०. वही उघडली. दहा मिनिटे फ्लोटकडे पाहिले. पाणी होते, बाकी काही नव्हते. तू ही जागा इतकी वर्षे कशासाठी धरलीस, ते तेवढ्यात कळले नाही. विचारावे म्हणून लिहीत आहे.

७.३१. फ्लोट बुडाला आहे. एवढे वाक्य पूर्ण करून ओढतो.

७.३२. गोळी नाही.

११.४०. जागा मी स्वेच्छेने सोडली. नाही तरी लिहावयास घरचे टेबल अधिक सोयीचे. प्रमाणाचा कागद जुलियानाबाईंना दिला. त्यांनी चिंचेखाली बसून पहिल्याच गोळीवर अडीच किलोचा कटला काढला. आमिष यशस्वी ठरले. बाई म्हणाल्या, सर, घरी घेऊन जा. मी म्हटले, मला साफ करता येत नाही.

मंडळाच्या खोलीतील तुझा कप्पा रिकामा केला. त्याच्या दाराला कुलूप लावले. ओढून पाहिले. दोन्ही चाव्या ॲलिस्टरकडे परत केल्या.